करोडगिरीचा ओटा

१

गेले चार महिने उज्ज्वलाची सकाळ सासूच्या बोटापासून सुरू व्हायची. ती धामणदऱ्याची आशाताई. गावभर लोकांच्या नाड्या बघत हिंडणारी बाई घरच्या म्हातारीला कशी सोडेल? सहाला उठायचं, चहा चढवायचा, सारजाबाईच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावायचा, आकडा वहीत लिहायचा आणि मग चहा गाळायचा. जन्मभर मेंढरांमागं उन्हातान्हात हिंडून सारजाबाईची छाती पार थकली होती, पण जीभ शाबूत होती. त्या चिमट्याला ती खेकडा म्हणायची.

"आन तुजा खेकडा," ती बोट पुढं करायची. "बगू दे, आज सरकारनं किती जीव मंजूर केलाय."

चैत्रातल्या एका मंगळवारी खेकड्यानं आकडा दाखवलाच नाही. नुसत्या दोन आडव्या रेघा. उज्ज्वलानं दुसरं बोट धरलं, तिसरं धरलं, मग यंत्र बिघडलं असेल म्हणून स्वतःच्या बोटाला लावून बघितलं. सत्त्याण्णव. सासूच्या मानेवर नाडी लागेना. डोळ्यांत बॅटरी मारली तर बाहुली हलेना. हातपाय गार, जबडा ताठरत चाललेला. आठच्या सुमाराला उपकेंद्रातल्या डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनीही सगळं पुन्हा तपासलं आणि कागदावर सही केली. म्हणजे सारजाबाई गेली याबद्दल दोन जाणत्या बायकांचं एकमत होतं. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

उज्ज्वलाला रडू आलं ते चहा उतू गेल्यावर. मग मात्र ती चुलीपुढं बसून पोटभर रडली. सोळा वर्षांत सासूनं तिला शिव्या दिल्या होत्या, पण तिला एकदाही एकटं पडू दिलं नव्हतं.

अंगणात आंघोळ घालताना पहिल्यांदा काहीतरी खटकलं. शेजारच्या विमलकाकू ऊन पाणी ओतत होत्या, उज्ज्वला सासूचे हात चोळत होती. आणि काकणं वाजली. काचेची, हातभर भरलेली. पाण्याच्या आवाजात अगदी स्पष्ट किणकिण.

उज्ज्वलानं खाली बघितलं. सारजाबाईचे हात एकोणीस वर्षांपासून मोकळे होते. विमलकाकूंचेही. उज्ज्वलाच्या स्वतःच्या हातात एकेक पातळ पाटली होती, तीही तिनं आंघोळीसाठी काढून ठेवलेली.

"कुणाची काकणं वाजली, काकू?"

विमलकाकूंनी मान वर केली नाही. "तू पाय धू," एवढंच त्या म्हणाल्या.

२

धामणदऱ्याला स्वतःचा एक रुबाब आहे. गाव म्हणावं तर दोनशे उंबऱ्यांचं, प्यायला पाणी टँकरचं, पण इतिहासाचा विषय निघाला की जो तो मिशीला पीळ देतो. कारण गावाखालचा ओढा ही एकेकाळी सरहद्द होती. ओढ्याच्या अल्याड निजामाचं राज्य, पल्याड इंग्रजांचं नगर. मधे निजामाचा करोडगिरी नाका, म्हणजे जकातीची चौकी. इकडची चांदी-अफू तिकडं न्यायला बंदी, तिकडचं कापड इकडं आणायला जबर जकात. आता बंदी म्हटल्यावर धामणदऱ्यातलं कोण गप्प बसतंय?

गावाला देवानं एक सोय करून ठेवली होती. अल्याड सगळा खडक, पल्याड मऊ वाळू, म्हणून गावाचा मसणवटा पहिल्यापासून पल्याड, इंग्रजांच्या हद्दीत. माणूस निजामाच्या राज्यात मरायचा आणि इंग्रजांच्या राज्यात जळायचा. तिरडीला नाक्यावर झडती नसायची. मग काय, माणसं मरायला लागली. तिरडीवर एक जिती बाई निजायची, तिच्या खाली चांदीच्या लगडी. रडतओरडत सगळे पल्याड जायचे आणि परतताना बायका लुगड्याखाली मिलचं कापड गुंडाळून यायच्या. म्हणून तर इतर गावांत बायका वेशीवरून माघारी फिरतात आणि धामणदऱ्यात आजही थेट मसणवट्यापर्यंत जातात.

दर सतरा सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनाचं झेंडावंदन झालं की माजी सरपंच बद्रीनाथअण्णा हा किस्सा रंगवून सांगायचे. या धंद्याची कल्पना त्यांच्या आजोबांची. ओढ्याकाठची त्यांची जमीनही त्याच काळात वाढली, पण ते भाषणात येत नसे. तिरडीवर निजायची ती उज्ज्वलाच्याच सासरची छबुबाई, सारजाबाईच्या सासऱ्याची पहिली बायको. हिरवं लुगडं नेसवून, हिरवा चुडा भरून तिला सवाष्ण म्हणून न्यायचे, म्हणजे शिपाई शिवायलाही धजत नसत.

"सात येळा मेली ही बाई!" अण्णा हात उंचावून म्हणायचे. "आन आठव्या येळंला जी पल्याड गेली ती परत आलीच न्हाई. नगरकडं पळाली पठ्ठी!"

लोक पोट धरून हसायचे, टाळ्या पडायच्या. उज्ज्वलाही टाळ्या वाजवायची. सारजाबाई तेवढी उठून घरी जायची.

नाका पडला, उरला तो दगडी ओटा. प्रथा मात्र कुणी मोडली नाही. गावात कुणीही मेलं तरी तिरडी ओट्यापाशी टेकवायची. बद्रीनाथअण्णांच्या घरचा पुरुष ओट्यावर चढणार, नाक्यावरच्या पूर्वीच्या जमादारासारखं विचारणार, "कौन है?" मयताच्या घरची जवळची बाई तोंडावरचं कापड उचलून सांगणार, "आमचीच हाय. गेली." मग ओट्यावरून हुकूम, "जाने दो," आणि तिरडी पुढं. बाहेरगावच्या पाहुण्यांना मोठी गंमत वाटायची. मोबाइलवर व्हिडिओ काढायचे.

"आत्या, तुमाला कावून हसू येत न्हाई?" उज्ज्वलानं एकदा विचारलं होतं.

सारजाबाई लोकर विंचरत होती. "पळून गेली असती तर म्याबी हसले असते," ती म्हणाली. पुढं काही सांगेल म्हणून उज्ज्वला थांबली, पण म्हातारीनं तोंड लोकरीत घातलं ते घातलंच.

३

साडेअकराला तिरडी उचलली. उज्ज्वलाचा नवरा हनुमान विस्तवाचं मडकं घेऊन पुढं, मागं तिरडी, मागं गाव. सारजाबाई शेवटी शेवटी अडतीस किलोची राहिली होती, उज्ज्वलाच्या वहीत तशी नोंद होती. चौघा गड्यांनी तिरडी फुलासारखी उचलली.

शेवटचं घर मागं पडलं, उतार लागला आणि गड्यांची चाल जड झाली. आधी एकानं खांदा बदलला. मग दुसऱ्यानं. उताराला ओझं हलकं वाटायला पाहिजे, पण चौघांच्या मानेच्या शिरा ताणल्या होत्या. आणखी दोघं आपणहून मधे घुसले. कुणी कुणाला काही विचारलं नाही. एका ठिकाणी पाय घसरून तिरडी हेलकावली तेव्हा आतून खण्णकन आवाज आला. धातूवर धातू आपटावा तसा.

एरवी ती मागच्या बायकांत असायची, आज पहिल्यांदाच तिरडीच्या अगदी लगत चालत होती. तिनं स्वतःला समजावलं, बांबूला कुणीतरी लोखंडी तार गुंडाळली असेल. ऊन आहे, गडी उपाशी आहेत, म्हणून दम लागलाय. ती तशी कशाला घाबरणारी बाई नव्हती. अंधश्रद्धेच्या नावानं गावात चार जणींशी भांडलेली होती.

मग तिची नजर तोंडावरच्या कापडाकडं गेली.

कापड नाकापाशी आत ओढलं जात होतं आणि फुगत होतं. हळू, पण एका लयीत. वारा असेल, असं मनात येईपर्यंत तिला पुढं हनुमानच्या मडक्यातला धूर दिसला. तो सरळ वर जात होता. बाभळीचं पानही हलत नव्हतं. कापड आत गेलं, बाहेर आलं. ओठाच्या जागी एक ओला डाग उमटला होता.

तिच्या मनात भूतबीत आलं नाही. आपलं चुकलं, हा पहिला विचार होता. नाडी आपण बघितली. आपल्याला लागली नाही. डॉक्टरांनाही लागली नसेल. असं होतं कधी कधी, ट्रेनिंगला सांगितलं होतं. पण जबडा ताठला होता, तो आपल्या हातानं बांधला. मग?

तिनं आजूबाजूला बघितलं. तिरडीच्या दोन्ही बाजूंनी माणसं चालत होती, हातभर अंतरावरून. कापड सगळ्यांना दिसत होतं. आणि झाडून सगळे आपापल्या पायांकडं बघत होते.

"काकू," ती कुजबुजली, "कापड हलतंय. आत्याला श्वास हाय. म्या नीट बगितलं न्हाई वाटतं."

"तू बराबर बगितलंस," विमलकाकू खाली बघतच म्हणाल्या. "सारजी गेली. घरीच गेली."

"मंग हे कोन हाय?"

"खाली बग आन चल. उतारापास्नं पल्याडपतूर असंच ऱ्हातंय. प्रत्येकाच्या येळी ऱ्हातंय. माज्या मालकाच्या येळी बी होतं. आमी 'गेले' म्हनलं आन पुढं झालो."

"आन मंग?"

"मंग काय? पेटिवलं." काकूंचा आवाज चिरकला. "लई येळ लागत न्हाई. वरडत न्हाई ती. तवाबी वरडली न्हाई."

उज्ज्वला तिरडीच्या लगत चालत राहिली. छबुबाईच्या गोष्टीवर पडणाऱ्या सतरा सप्टेंबरच्या टाळ्या तिच्या कानांत वाजत होत्या. त्यातल्या तिच्या किती, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

४

ओट्यापाशी तिरडी टेकली. टेकवताना सहाही गडी कण्हले.

बद्रीनाथअण्णा ओट्यावर चढले. सत्तरी ओलांडलेला माणूस, कडक इस्त्रीचं धोतर, पांढरी टोपी. एरवी हे काम ते मोठ्या ऐटीत करायचे असं बघणाऱ्याला वाटे. आज इतक्या जवळून उज्ज्वलाला दिसलं की ते तिरडीकडं चुकूनही बघत नव्हते.

"कौन है?"

उज्ज्वलानं कापडाचं टोक धरलं आणि उचललं. पुरतं नाही, वीतभर.

वरच्या ओठावर घामाचे थेंब होते. कपाळावरून एक ओघळ कानाकडं गेला होता. पण तिचं लक्ष डोळ्यांकडं गेलं आणि तिथंच अडकलं. मेलेल्याचे डोळे नुसते मिटलेले असतात, तिनं पुष्कळ पाहिले होते. हे डोळे मिटून धरलेले होते. घट्ट, पापण्यांना सुरकुत्या पडेपर्यंत. आता थोडंच राहिलं, एवढं झालं की सुटलो, असं स्वतःला बजावत कुणी डोळे मिटून धरावेत तसे. चेहरा सारजाबाईचा होता की दुसऱ्या कुणाचा, हे बघायचं तिला सुचलंच नाही.

"कौन है?" अण्णांनी पुन्हा विचारलं.

"म्हन की," हनुमान हळूच म्हणाला. "उज्ज्वला, म्हन आन मोकळी हो."

"तुमाला दिसतंय का न्हाई?"

"दिसतंय. बाच्या येळीबी दिसलं हुतं." तो रडकुंडीला आला होता. "आईनं म्हनलं तवा. तसं तू म्हन."

अण्णा ओट्याच्या कडेला आले, वाकले, आणि जमादाराचा आवाज टाकून साध्या म्हाताऱ्याच्या आवाजात म्हणाले, "पोरी, हात जोडतो. म्हन लवकर. तो बगतोय."

"कोन?"

सगळं गाव खाली बघत असताना नजर चुकवण्याची त्यांची तऱ्हा निराळी होती. ते ओढ्याकडं पाठ करून उभे होते. म्हणून उज्ज्वलानं ओढ्यापल्याड बघितलं.

मसणवट्याच्या वरच्या दरडीवर एक माणूस उभा होता. खाकी कपडे, हात पाठीमागं बांधलेले. उन्हाच्या झळांत त्याचं तोंड दिसत नव्हतं. वनखात्याचा असेल, विजेच्या तारा बघायला कुणी आला असेल, नगरकडचा एखादा पाहुणा असेल. तिनं तिन्ही शक्यता चाचपून बघितल्या आणि तिन्ही सोडून दिल्या. कामाला आलेला माणूस इकडंतिकडं बघतो, घाम पुसतो. हा धूर निघायची वाट बघत होता. तो निघाल्याशिवाय जायचं नाही, एवढं एकच काम त्याला दिल्यासारखा.

मग तिला ते लख्ख कळलं. आठव्या वेळी जमादाराला शंका आली असणार. झडती त्यानं घेतली नाही. नुसता पल्याड जाऊन उभा राहिला, म्हणाला असेल, पेटवा. आणि याच जागी छबुबाईची सासू उभी असणार. बाई जिती आहे म्हणावं, तर चांदी जाते, पुरुष तुरुंगात जातात. एक शब्द. तोही कुणाच्या तोंडून निघाला नाही. तिरडीवरचीच्याही नाही. ती गावासाठी गप्प राहिली आणि गाव तिच्यासाठी गप्प राहिलं नाही, गाव चांदीसाठी गप्प राहिलं. ऐंशी वर्षं मूग गिळून, वर टाळ्या वाजवत.

उज्ज्वलाला भीती वाटत होती. पण त्या भीतीपेक्षा तिला राग जास्त आला होता. अण्णांचा, हनुमानचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या हातांचा.

"कौन है?" तिसऱ्यांदा विचारताना अण्णांचा आवाज फुटला.

"आमची हाय," उज्ज्वला म्हणाली. "जिती हाय."

५

कुणी ओरडलं नाही. दोनशे माणसांनी एकदम श्वास आत घेतला, तेवढा आवाज झाला.

"येड लागलं का तुला?" अण्णा ओट्यावरून उतरलेच. "धूर निगाला न्हाई तर तो हालत न्हाई! आमच्या आज्यानं एकदा पेटवू नका म्हनून बगितलं हुतं. तीन दिस तो तसाच हुबा ऱ्हायला. चवथ्या दिवशी गावात शिरला. तुला काय म्हाईत, काय झालं त्या साली?"

"मला काई म्हाईत न्हाई, अण्णा. तुमी सांगितलंच न्हाई. तुमी पळून गेली म्हनून सांगितलं."

"गावाचं नाव जाईल, पोरी."

"जाऊ द्या की. बाई जळत्याय दर टायमाला, आन तुमाला नाव पायजे?"

दोघा गड्यांनी तिरडीला हात घातला. पुढं रेटून न्यायचा विचार असावा. उज्ज्वला तिरडीवर आडवी झाली, दोन्ही हातांनी बांबू धरून. "न्यायची तर मला घेऊन न्या," ती म्हणाली. "मग दोगी जित्या जातील. हाय का हिंमत?"

गड्यांनी हात काढले.

कापडाखालून काहीतरी सरकलं. तिच्या मनगटावर बोटं आली. ओली, ऊन, तरण्या बाईची बोटं. त्यांनी धरलं नाही, नुसती टेकली. अजूनही विश्वास ठेवावा की नाही, असं विचारत असल्यासारखी.

उज्ज्वलानं तो हात घट्ट धरला. मग ती गुडघ्यांवर उठली, ओढ्याकडं तोंड केलं आणि जे ऐंशी वर्षांपूर्वी म्हणायला पाहिजे होतं ते छाती फोडून ओरडली.

"ओ जमादार! आमी चोर हाव! हिच्या खाली चांदी हाय, बद्रीनाथाच्या आज्याची, आमच्या घराची, सगळ्या गावाची! चांदी घे, माणसं धर! बाई जिती हाय, तिला सोड!"

आवाज दरडीवर आपटून परत आला. पल्याडच्या माणसाचे पाठीमागचे हात सुटले.

आणि तो उतरायला लागला. झपझप नाही. एकेक पाऊल टाकत, मुरूम बुटांखाली करकरत होता आणि ते इतक्या लांबून ऐकू येत होतं. मागची माणसं पळाली. मग मधली. अण्णांची टोपी ओट्याखाली पडली, ती घ्यायला ते थांबले नाहीत. हनुमान जागीच उभा होता. त्यानं एकदा बायकोकडं बघितलं, एकदा हातातल्या मडक्याकडं. मग खाली ओढ्यातल्या डबक्यापर्यंत गेला आणि मडकं पाण्यात बुडवलं. चर्र झालं. परत येऊन तो तिरडीच्या पायथ्याशी बसला.

विमलकाकूही आल्या. धापा टाकत, पदर खोचत. "माज्या मालकाच्या येळी म्या 'गेले' म्हनलं," त्या म्हणाल्या. "आता कुठंबी जायची न्हाई मी." त्यांनी तिरडीच्या दुसऱ्या बाजूला बसकण मारली आणि कापडावर हात ठेवला.

हाताखाली छाती वरखाली होत होती. आता लपवून नाही. मोठमोठे, भुकेले श्वास.

पावलं वाळूत आली. वाळू संपली, अल्याडचा खडक लागला. सावली तिघांवर पडली आणि ऊन असून गार वाटलं. उज्ज्वलानं मान वर केली. जिथं तोंड असायला पाहिजे तिथं तिनं सरळ बघितलं, आणि जे दिसलं त्याच्यापुढं नजर खाली टाकली नाही. तिच्या मुठीतला हात आता तिला उलट घट्ट धरून होता.

"ये," ती म्हणाली. "घे झडती."